पान उलटलं की सर्व्हर विसरतो

जून महिन्यात दारावे गावातल्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दाखल्यांचे अर्ज, प्रवेशाचे अर्ज. माझ्या पुढे बसलेल्या मावशींनी पाच पानांच्या अर्जाची चार पानं भरली होती. ओटीपी आला तो घरी राहिलेल्या फोनवर. मुलगा सायकलवरून फोन घेऊन आला, आकडे घातले, बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ उमटली: सेशन संपले आहे. केंद्रातला पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, पहिल्यापासून भरावं लागेल."

सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मावशींची ती चार पानं जपणं हे आमचंच काम होतं.

मूळ अडचण जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीटीपी हा देवाणघेवाणीचा जो नियम आखला, त्यात प्रत्येक मागणी सुटी. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, व्यवहार संपला. त्याच माणसाने लगेच दुसरं पान मागितलं तरी सर्व्हरच्या लेखी तो नवखाच. लेख वाचायला हे छान चालतं, अर्ज भरताना अडतं.

म्हणून आधी माहिती पानाबरोबरच फिरवायला सुरुवात झाली. पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्हानंतर जोडून, नाहीतर फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात. पण लपलेला रकाना दिसत नाही इतकंच, त्याला कुलूप नसतं. उमेदवारीच्या काळात एका दुकानाच्या पानावर मी वस्तूची किंमत अशीच लपवली होती. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्यासमोर ब्राउझरमध्ये १२०० चे १२ केले आणि ऑर्डर निमूट स्वीकारली गेली. तेव्हापासून ब्राउझरकडून आलेली किंमत मी कधीच खरी धरत नाही, ती डेटाबेसमधूनच काढतो.

१९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉंटुली यांनी कुकी आणली. सर्व्हरने दिलेली छोटी चिठ्ठी ब्राउझर जपतो आणि दर फेरीला परत दाखवतो. चिठ्ठीत मावतं साधारण ४ केबी, आणि तीही लोकांच्याच हातात. त्यामुळे पुढे रुळलं ते सेशन. बँकेत पूर्वी चेक दिला की पितळी टोकन मिळायचं. टोकनावर नुसता नंबर. खातं, सही, रक्कम सगळं काउंटरच्या आत. सेशनही तसंच: कुकीत फक्त नंबर, माहिती सर्व्हरवर. सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहिण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या एएसपी या साधनाने १९९६ मध्ये ही सोय हाताशी दिली, पीएचपी या भाषेत ती २००० साली चौथ्या आवृत्तीबरोबर आली. मला विचाराल तर सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत शहाणी.

पण टोकनाला मुदत असते. पीएचपीत न बदलता ठेवली तर १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. एवढा वेळ हालचाल नसली की सेशन कचऱ्यात जायला मोकळं. एएसपीत २० मिनिटं. सीवूड्सहून लोकल पकडून वाशीचा खाडीपूल ओलांडावा, साधारण तेवढा हा वेळ. घरून फोन आणायला तो पुरत नाही.

गर्दीची साइट एका मशीनवर भागत नाही. पहिलं पान एका सर्व्हरने दिलं, दुसरी मागणी शेजारच्याकडे गेली, तर त्याच्याकडे तुमचं खातंच नसतं. मग सेशन सगळ्यांना दिसेल अशा जागी, डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या साठ्यात ठेवावं लागतं.

पैसे भरून परतताना आणखी एक ठेच लागते. २०२० मध्ये क्रोमने परक्या साइटवरून आलेल्या मागणीबरोबर कुकी पाठवण्यावर निर्बंध आणले. बँकेच्या पानावरून फॉर्मच्या रूपाने परत येणारा ग्राहक काही ठिकाणी अचानक अनोळखी ठरू लागला. ज्यांनी ऑर्डर बँकेकडे धाडण्याआधीच डेटाबेसमध्ये नोंदवली होती, त्यांना निदान ऑर्डरच्या नंबरावरून ती शोधता आली.

अर्जाचंही तसंच करता येतं. प्रत्येक पान 'पुढे' दाबताच कच्चं म्हणून साठवायचं आणि पहिल्याच पानावर अर्ज क्रमांक द्यायचा. कष्ट म्हणाल तर एक जादा टेबल. मावशी दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा दुसऱ्याच एका साइटवर त्यांना असा क्रमांक मिळाला. त्यांनी तो विजेच्या बिलाच्या मागे पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिला, दोनदा पडताळला आणि म्हणाल्या, "उरलेलं संध्याकाळी पोरगा भरेल."