विकणे आहे, पण नेमकं काय?

रविवारच्या पुरवणीत कविता शोधता शोधता माझी नजर नेहमी छोट्या जाहिरातींवर जाते. त्यातली एक जात मला फार आवडते. मजकूर साधारण असा असतो : दादर, हिंदू कॉलनी. युद्धापूर्वीच्या इमारतीत प्रशस्त जागा, उंच छत, दोन बाजूंनी वारा, खिडकीसमोर गर्द झाडी. पागडी. हा शेवटचा शब्द सगळ्यात लहान आणि सगळ्यात महाग. माझ्यासारखा कवी माणूस 'उंच छत' आणि 'गर्द झाडी' एवढ्यावरच विरघळतो, आणि ब्रोकरला हे पक्कं ठाऊक असतं.

आपल्या जिल्ह्यातून मुंबईला नोकरीला गेलेली मुलं आता तिथे घर शोधतात, आणि इकडे आईवडील त्यासाठी प्रॉव्हिडंट फंड मोडतात. म्हणून आज या जाहिरातीचा अर्थ लावू. पण दादरला जाण्याआधी आपल्या नगरच्या कॅम्पातून एक चक्कर मारून येऊ. (गावाचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं; माझ्या पिढीच्या तोंडातून अजून नगरच निघतं.)

१८०३ साली वेलस्लीने आपला भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे भिंगारच्या बाजूला इंग्रजांची छावणी वसली. तिथले जुने बंगले तुम्ही पाहिले असतील. खोल व्हरांडा, कौलारू छप्पर, भोवती एवढं मोठं आवार की त्यात आजची अख्खी सोसायटी मावेल, आणि चिंचेची, कडुनिंबाची म्हातारी झाडं. असा बंगला विकायला निघतो तेव्हा माणूस म्हणतो, घर जुनं असलं तरी जमीन केवढी आहे! नेमकं इथेच फसायला होतं. छावणीतल्या अशा पुष्कळ बंगल्यांची जमीन 'ओल्ड ग्रँट'ची असते. लष्करी अधिकाऱ्यांना राहायला घरं हवी होती, म्हणून एकोणिसाव्या शतकात सरकारने खाजगी लोकांना जागा दिल्या, पण अट घातली : घर तुमचं, जमीन आमची. सरकारला वाटेल तेव्हा महिन्याची नोटीस द्यावी, मंजूर बांधकामाची भरपाई द्यावी आणि जागा परत घ्यावी. लष्करी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नाही, आणि तिचे तुकडेही पाडता येत नाहीत.

हे कागदावर दिसतं, फक्त योग्य कागद मागायला हवा. गावाकडे आपण सातबारा मागतो, शहरात प्रॉपर्टी कार्ड. छावणीत मागायचा तो जनरल लँड रजिस्टरचा उतारा. त्यात 'बी-३' असा वर्ग आणि हक्काच्या रकान्यात 'ओल्ड ग्रँट' असेल, तर तुम्ही विटा, लाकूड आणि कौलं विकत घेताय असं समजा. २०२३ पासून केंद्राने छावण्यांतली नागरी वस्ती शेजारच्या स्थानिक संस्थांना जोडायला सुरुवात केली, त्यात हिमाचलातलं योल पहिलं. पण म्हणून 'आता ही जमीन आपोआप आपली होणार' असं कुणी सांगितलं, तर ते लेखी मागा.

आता दादर. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि दाटीवाटीच्या वस्त्या हे त्याचं कारण आहे असं सरकारने ठरवलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखली, रुंद रस्ते, दोन इमारतींच्या मधे हवा खेळेल एवढं अंतर, रस्त्याकडेला झाडं. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. म्हणजे जाहिरातीतला तो 'दोन बाजूंनी वारा' हा प्लेगाच्या भीतीचा वारसा आहे. ट्रस्टने प्लॉट भाडेपट्ट्याने दिले, आणि १९३३ साली ट्रस्टच महापालिकेत विलीन झाला. त्यामुळे अशा इमारतीत पुष्कळदा तीन थर असतात : जमीन महापालिकेची, इमारत घरमालकाची, आणि खोल्यांत राहण्याचा हक्क भाडेकरूचा. झाडांचं म्हणाल तर ती रस्त्यावरची असोत की आवारातली, १९७५ च्या कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

जाहिरात देणारा विकतो आहे तो तिसरा थर. तो असा तयार झाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. युद्धानंतर महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं. भाडेकरूला काढता येईना, भाडं वाढवता येईना, तेव्हा जागा हातून हाती जाताना एकरकमी पैसा फिरू लागला. त्यालाच पागडी म्हणायचं. कित्येक दशकं ही बेकायदा, पण सर्वांना माहीत असलेली गोष्ट होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे १९९९ च्या कायद्याने, ती रक्कम घेणं कायदेशीर केलं. वर्षाला चार टक्के भाडेवाढही दिली. चार टक्के कशावर, तर त्या गोठलेल्या आकड्यावर!

तेव्हा 'युद्धापूर्वीची इमारत' हे नुसतं विशेषण नव्हे. मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींत १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात. तिच्या पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला मालकीची जागा मिळू शकते, म्हणूनच पागडीचे भाव एवढे चढलेले असतात. पण इथेही एक तारीख आहे : १३ जून १९९६. त्यानंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरी पुनर्विकासात धरत नाहीत. एका प्रशस्त जागेचे मागाहून दोन भाग करून दोन पावत्या केल्या असतील, तर दुसरी पावती घेणाऱ्याने काय विकत घेतलं, हा प्रश्नच आहे.

माझ्या मनात एक वेगळाच विचार येतो. या जागा प्रशस्त का उरल्या? कारण कुणालाच त्या पुऱ्या विकता आल्या नाहीत. मालकाला पाडता येईना, भाडेकरूला मालक होता येईना, नगरच्या बंगल्यावर सरकारची मुद्रा. जिथे मालकी सरळ होती तिथे टॉवर कधीच उभे राहिले. ज्या गुंत्याने वकिलांची पोटं भरली, त्यानेच ती झाडं राखली. अर्थात त्याच गुंत्याने घरं पोखरलीही, कारण दोन-तीनशे रुपये भाडं घेणारा मालक गच्ची कशाला दुरुस्त करील? जागा पाहायला गेलात तर छताकडे नक्की बघा. काँक्रीटमधल्या सळईला गंज चढला की ती फुगते आणि आवरणाला आतून फोडते. नवा रंग दिलेल्या छताखाली जास्त वेळ उभे राहा.

युद्धापूर्वीच्या सगळ्याच जागा पागडीच्या नसतात, हेही सांगितलं पाहिजे. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, तिथे व्यवहार सभासदत्वाचा. म्हणून पहिला प्रश्न एकच : भाग दाखला आहे की भाडेपावती?

भाडेपावती असेल तर ती कुणाच्या नावावर आहे ते बघा. घरमालकाच्या संमतीशिवाय पागडीची जागा दुसऱ्याच्या नावे होत नाही, आणि संमतीसाठी तो रकमेचा हिस्सा घेतो. एक तृतीयांश हा ऐकीव रिवाज आहे, कायद्यात हा आकडा नाही. स्टँप पेपरवर करार झाला, किल्ली मिळाली, पण पावती जुन्याच नावाने येत राहिली, तर नवा माणूस कायद्याच्या डोळ्यांत पोटभाडेकरू ठरून बाहेर निघू शकतो. पैसे गेलेले असतात ते वेगळेच.

आणखी एक गोष्ट नगरला बसलेल्या आईवडिलांसाठी. भाडेकरी ही घरासारखी वाटून मिळत नाही. भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. तसं कुणी नसेल तरच वारसाकडे. मुलाच्या एकट्याच्या नावावर पागडीची जागा घेतलीत आणि पैसा तुमच्या फंडातला असला, तरी पावतीवर तुम्ही कुठेच नसता. दोन नावांनी पावती मिळते का, हे घरमालकाला पैसे देण्याआधी विचारा. नंतर त्याला उत्तर द्यायची घाई नसते.