यादीत न लिहिलेली बाग

दिवाळं निघालं की माणसाचं सगळं गेलं, असं आपण म्हणतो. कायदा मात्र म्हणतो, एक जबाबदारी उरतेच. आपल्याकडे काय आहे, ते खरं सांगण्याची.

समजा, दापोलीतल्या एका दुकानदाराला कर्ज फेडता येईना. त्यानं १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज केला. २०१६ च्या नव्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. इतरांसाठी जुनाच कायदा आहे. अर्जात त्यानं मालमत्तेची यादी दिली, पण आंब्याच्या बागेतला हिस्सा लिहिला नाही. हा गुन्हा झाला का?

लगेच नाही. कलम ६९ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे. पण ती जाणूनबुजून किंवा कपटानं केलेल्या कृत्याला. म्हणजे यादी चुकीची होती एवढं दाखवून भागत नाही. ती चुकीची आहे हे त्याला माहीत होतं, हेही सिद्ध करावं लागतं.

पहिली गोष्ट सातबारा सांगेल. दुसरी सांगेलच असं नाही. आपल्या कोकणात एकेका सातबाऱ्यावर कितीतरी नावं असतात. आजोबा वारले, वारसनोंद झाली, नातू मुंबईला. आपलं नाव कुठं लागलंय, हे त्याला खरंच ठाऊक नसेल.

मग मनातलं ओळखायचं कसं? मागे राहिलेल्या खुणांवरून. फेरफाराच्या नोटिशीवर त्याची सही आहे का? आंब्याच्या पैशातला वाटा तो घेत होता का? बँकेकडे कर्ज मागताना हीच बाग त्यानं दाखवली होती का? अर्जाच्या तोंडावर भावाला हक्कसोडपत्र करून दिलं का? एकेका खुणेला उत्तर असू शकतं. सगळ्या जुळल्या की 'माहीत नव्हतं' हे पटेनासं होतं.

विजय मल्ल्या यांचं प्रकरण नादारी कायद्याखालचं नव्हे, न्यायालयाच्या अवमानाचं. पण मुद्दा जवळचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळालेले ४ कोटी डॉलर त्यांनी मुलांकडे वळवले आणि न्यायालयाला दिलेल्या तपशिलात ते सांगितले नाहीत. एवढी रक्कम कोण विसरेल? सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यांना दोषी ठरवलं आणि २०२२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा दिली.

तेव्हा यादी करताना शंका आली, तर गप्प बसू नका. 'हिस्सा असावा, खात्री नाही' असं स्पष्ट लिहा. राहून गेलेलं नंतर आठवलं, तर स्वतःहून कळवा. चुकलेला माणूस आणि लपवणारा माणूस यांतला फरक तिथंच दिसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)