कुंडीतली शेती : लेखांक ९
बेवड कुंडीलाही असतो

टोमॅटोची शेवटची तोडणी झाली, पानं पिवळी पडली, की झाड उपटायचं आणि कुंडीतली माती आवारात कुठेतरी ओतून द्यायची, असा गच्चीवरच्या बागांमध्ये जणू रिवाजच पडला आहे. ‘मातीतला कस गेला’ हे त्याचं ठरलेलं कारण. मग रोपवाटिकेतून लाल मातीची नवी गोणी येते, म्हणजे कुठल्या तरी डोंगरउताराचा वरचा थर खणला जातो. तो थर तयार व्हायला शतकं लागलेली असतात. शेतकरी पीक निघालं म्हणून रानातली माती बदलत नाही. तो बेवड पाहतो : आधीच्या पिकाने जमीन कोणत्या अवस्थेत सोडली आहे हे बघून पुढचं पीक ठरवतो. कुंडीलाही हाच न्याय लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

कस जातो म्हणजे नेमकं किती जातो, याचा एक जुना हिशेब उपलब्ध आहे. सतराव्या शतकात यान बाप्तिस्त व्हान हेल्मोंट यांनी २०० पौंड कोरडी माती मोजून कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती मात्र जेमतेम २ औंसांनी, म्हणजे साठेक ग्रॅमने, कमी भरली. झाड पाण्यातूनच घडलं, हा त्यांचा निष्कर्ष चुकला. हवेतल्या कार्बनचा वाटा त्यांना ठाऊक नव्हता. पण मोजमाप आजही बोलकं आहे. यावर कोणी म्हणेल, की झाडाचं सगळं पोषण त्या साठ ग्रॅमांतच असतं. बरोबर आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्मद्रव्यं तिथूनच येतात, आणि टोमॅटोसारखं खादाड पीक ती भरपूर उचलतं. पण मूठभर घटलं म्हणून घमेलंभर फेकायचं, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो? शिवाय गोणीतल्या नव्या लाल मातीत नत्र आणि सेंद्रिय अंश मुळातच बेताचा असतो. तिच्यातही शेणखत घालावंच लागतं.

खरी झीज दुसरीकडे असते. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. बुडाशी मुळांची जाळी गोल फिरून घट्ट झालेली दिसेल, आणि कुंडीच्या आत मातीची पूर्वीची खूण दोन-तीन बोटं वर राहिलेली असेल. खत कुजून त्यातला कार्बन हवेत गेला, म्हणून माती खाली बसली. ती दबली, की कोरडी पडल्यावर कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. काठावर पांढरी पापुद्री असेल, तर ते बोअरच्या पाण्यातले किंवा रासायनिक खतांतले क्षार. अशा मातीवर पाणी ओतत राहून ते बुडातून भरपूर वाहू द्यावं, क्षार निघून जातात. बाकी मातीची ढेकळं फोडावीत, जाड मुळं काढावीत, बारीक तशीच कुजू द्यावीत. दोन घमेली जुन्या मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण ओलसर ठेवून पंधरा दिवस सावलीत राहू द्यावं.

सर्वांत गंभीर आक्षेप रोगांचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. झाड हिरवंगार असतानाच अचानक माना टाकून मेलं असेल, तर बुंध्याजवळचा देठ कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लोंबता धरावा. कापातून दुधट धागे खाली उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची पुन्हा लावू नये, गवती चहा लावावा. मुळांवर गाठी असतील, तर सूत्रकृमी आहेत. ती माती ओली करून एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात चार ते सहा आठवडे तापवावी. प्लास्टिक काळं नको, ऊन मातीपर्यंत पोचलं पाहिजे. या तापण्यात उपकारक जिवाणूही मरतात, म्हणून गांडूळखत नंतर घालायचं. त्यापुढचा एक हंगाम झेंडूला द्यावा, त्याची मुळं सूत्रकृमींना जाचतात. पण एका रोगट कुंडीच्या धास्तीने दहा निरोगी कुंड्या रिकाम्या करणं चूकच. आणि विकतची माती निर्धोक असते, हे तरी कुणी सांगितलं? लव्हाळ्याच्या गाठी आणि सूत्रकृमी त्या गोणीतूनही येतात.

निरोगी मातीत टोमॅटोनंतर मेथी किंवा चवळी घ्यावी. यांच्याही मुळांवर गाठी दिसतात आणि पुष्कळ जण त्या पाहून घाबरतात. फरक बोटांनी कळतो. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. द्विदलांची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज निघते, आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. तो गुलाबी रंग म्हणजे हवेतला नत्र बांधण्याचं काम चालू असल्याची खूण. म्हणून चवळीचे वेल शेंगा संपल्यावर उपटू नयेत. मातीलगत कात्रीने कापावेत, मुळं आतच राहू द्यावीत, आणि वेलाचे तुकडे करून त्याच कुंडीवर पसरावेत.