नव्वद नंबरनं इंजिन वाचत नाही

उसाचा हंगाम आला की सातारा-सांगलीकडच्या गॅरेजात एक सल्ला हमखास कानावर पडतो: "प्रेशर उतरलंय ना? लिटरभर नव्वद नंबर घाल, हंगाम निघून जाईल." गिअरबॉक्सचं ऑइल, इंजिनात! हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

मुळात नव्वद म्हणजे इंजिन ऑइलच्या चाळिसाच्या दुप्पट जाड, हेच खोटं. दोन्ही ऑइलांच्या मोजपट्ट्या वेगळ्या. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबर गिअर ऑइलचा जाडपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असतो (एसएई जे३०६), तर १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचा १२.५ ते १६.३ (एसएई जे३००). गरम इंजिनात फरक नावापुरताच. प्रेशरचा काटा जरा वर येतो तो बहुधा पातळ झालेल्या जुन्या ऑइलात लिटरभर ताजं पडल्यामुळे. शिवाय गिअर ऑइल इंजिनातली काजळी धरून ठेवायला बनवलेलं नसतं, आणि त्यातली गंधकाची द्रव्यं गरम झाल्यावर बेअरिंगमधल्या तांब्याला बाधू शकतात.

मग प्रेशर उतरतं कशानं? पंप दाब तयार करत नाही, तो ऑइल ढकलतो. बेअरिंगच्या बारीक फटीतून वाट काढताना अडथळा होतो, त्यातून दाब येतो. फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला तिथून साधारण आठपट ऑइल निसटतं. म्हणून खंबाटकी घाट चढून तापलेली किंवा कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत उभी असलेली जुनी गाडी आयडलला प्रेशर सोडते आणि रेस दिली की काटा उठतो.

पण प्रत्येक वेळी बेअरिंगच गेलेलं असतं, असंही नाही. कराडजवळ एक जुनी सहा सिलिंडरची टाटा आली होती. ठोका होता, प्रेशरही नव्हतं. "मिस्त्री, क्रँकच खोला आता," मालक म्हणाले. आधी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, वास डिझेलचा. मग आयडलला एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल केला. तिसऱ्याला ठोका थांबला. एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो, कारण त्याच सिलिंडरचं बेअरिंग असलं तरी आवाज दबतो. इंजेक्टर टेस्टरवर लावला तर तो थेंब गाळत होता. तो दुरुस्त केला, ऑइल-फिल्टर बदललं, इंजिन तापवून हातातल्या मेकॅनिकल गेजवर दाब मोजला. ठीक होता. क्रँकला हात लावावा लागला नाही.

काही किरकोळ गैरसमज. "ऑइल काळं म्हणजे खराब": डिझेल इंजिनात ते काजळी उचलतं म्हणून काळं होतं. "काटा पडला म्हणजे प्रेशर गेलं": सेंडर बिघडला तरी काटा पडतो, आधी दुसऱ्या गेजवर मोजा. "नवा पंप टाका": बेअरिंग झिजलेलं असेल तर पैसे पाण्यात. "टिकटिक म्हणजे टॅपेट": वरची हलकी टिकटिक असू शकते, लोडवर खालून येणारा जड ठोका नव्हे.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघा. कागदावर तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय, इंजिन खोला. आणि काटा शून्यावर असताना खालून ठोका येत असेल तर गाडी जागेवर बंद करा. गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी टोचन लावूनच आणा.