एक तास दहा मिनिटं

बँकेत पैसे भरायला उभा होतो. काचेपलीकडे कॅशियर मॅडम नोटा मोजत होत्या आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांभोवती गोल वळ उठले होते. चष्म्याचे नव्हेत, चष्मा असा रुतत नाही. काही दुखणं असेल म्हणून मी नजर वळवली. पुढच्या आठवड्यात गेलो तर वळ तिथंच, तेवढेच ताजे. न राहवून विचारलं.

"गॉगलचे आहेत हो, पोहायच्या. सकाळी सातला काढला तरी अकरापर्यंत जात नाहीत," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारून पावती सरकवली.

वजन उतरवायला पोहत असतील, असा मी सोयीचा समज करून घेतला. तो चुकीचा निघाला. मॅडमचं वय ४६, मुलगा बारावीला, नवरा हायस्कूलात मास्तर. आणि त्या तयारी करत होत्या गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन अंग न पुसता ९० किलोमीटर सायकल मारायची, सायकल अडकवून २१.१ किलोमीटर पळायचं. तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज ७०.३, म्हणून हे नाव. सगळं साडेआठ तासांच्या आत.

आदल्या वर्षी त्या पाण्यातच बाद झाल्या होत्या. पोहायला एक तास दहा मिनिटं मिळतात, त्या एक तास बारा मिनिटांनी वाळूवर आल्या. घोट्यावरची चिप काढून घेतली आणि रॅकला लावलेली सायकल होती तशी कोल्हापूरला परत आली. मी म्हटलं, "अरेरे, दोन मिनिटांसाठी." त्यांना ते आवडलं नाही. "दोन मिनिटांचा विषयच नाही. एक तास दहा म्हणजे एक तास दहा." कॅश जुळली नाही तर ती दोन रुपयांनी जुळली नाही की दोन हजारांनी, याला बँकेत काही अर्थ नसतो, हे मला नंतर उमगलं.

मग मी त्यांच्या मागे लागलो. रोज रंकाळ्यावर चालण्यापलीकडे माझा व्यायाम नाही, त्यामुळे मागे लागलो म्हणजे स्कूटरवरून.

पोहण्याचा तलाव २५ मीटरचा. १.९ किलोमीटर म्हणजे त्याच्या ७६ लांब्या. एक तास दहा मिनिटांत बसवायच्या तर शंभर मीटरला जेमतेम तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिथली पोरं याच्या निम्म्या वेळात जातात. मॅडमची अडचण अशी की त्यांना पोहता येतं. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मामाने ढकललं तेव्हापासून येतं. विहिरीत माणूस डोकं वर काढून पोहतो, कारण बुडायचं नाही एवढाच तिथं हेतू असतो. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाय नांगरासारखे ओढत येतात आणि हात नुसते दमतात. शिकवणारा पोरगा मॅडमपेक्षा वीस वर्षांनी लहान. तो काठावरून एकच वाक्य ओरडत होता, "मॅडम, डोकं खाली! कंबर वर!" चाळीस वर्षांची सवय मोडायला त्यांना सहा महिने लागले. ते सहा महिने मी पाहिले नाहीत. मी पाहिलं ते एवढंच, की ७६ वी लांबी संपल्यावर त्या कठडा धरून घड्याळाकडे न बघता आधी त्या पोराच्या तोंडाकडे बघायच्या.

एखाद्या रविवारी राजाराम तलाव. तिथं तळाची काळी रेघ नाही, कठडा नाही, खाली हिरवट अंधार. सरळ जायचं तर सात-आठ हात मारले की मगरीसारखे डोळे तेवढे वर काढायचे, समोरची खूण बघायची आणि पुन्हा डोकं खाली. खूण चुकली की माणूस वाकडा जातो आणि १.९ चे दोन-सव्वादोन किलोमीटर होतात. आदल्या वर्षी गोव्यात हेच झालं होतं. पहाटेच्या त्या पाण्यात भगव्या टोप्या आणि मागे ओढत नेलेले फुगे दिसत होते. मॅडमची टोपी शेवटून दुसरी. त्या बाहेर आल्या, गॉगल कपाळावर सरकवला आणि ते वळ पुन्हा दिसले, ओले, जांभळट. बँकेत ते विचित्र दिसायचे. इथं काठावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर तेच होते.

या खेळाचा जन्म आपल्याकडच्या तालमीच्या कट्ट्यावर शोभेल असाच आहे. हवाईत पोहणारे आणि पळणारे यांच्यात वाद लागला की खरा दमदार कोण. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सायकलवालेही त्यात ओढले आणि तिन्ही प्रकार एका दिवसात लागोपाठ करून दाखवा म्हणून तोड काढली. १९७८ साली १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं. पुढच्या वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि पाचवी आली. नावात 'मॅन' राहिलं ते राहिलंच. ते पूर्ण अंतर मॅडमच्या शर्यतीच्या दुप्पट. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झुरिकला ते पंधरा तास एकोणीस मिनिटांत पार केलं आणि आपल्याकडे हे नाव घरोघरी गेलं. गोव्यातली अर्ध्या अंतराची शर्यत २०१९ पासूनची.

घरोघरी नाव गेलं, खेळ गेला नाही. मॅडमच्या सरावाच्या गटात डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत, एक आर्किटेक्ट आहे. त्यांच्या काही सायकलींच्या किमतीत माझी स्कूटर चारदा यावी. मनगटावरची घड्याळं झोपेचेही गुण देतात. कोल्हापूरच्या पैलवानाने आयुष्यात नाडीचे ठोके मोजले नाहीत, इथं ठोक्यांवरून दोन-दोन दिवस चर्चा चालते. मला हे थोडं हास्यास्पद वाटलं आणि अजूनही वाटतं. मॅडमची सायकल जुनी, गटातल्याच एकाने बदलली तेव्हा घेतलेली. प्रवेश फी भरली त्या महिन्यात घरात दुसरा खर्च झाला नाही, हे सरांनी सांगितलं, मॅडमनी नाही.

सर म्हणजे मॅडमचे यजमान. शर्यत एकट्याने करायची असते, असं सगळे सांगतात. मला मात्र ती त्या घरात तिघांनी चालवलेली दिसली. गजर चार वाजून दहा मिनिटांनी. (हाही आकडा एक-दहाच्या नादानेच लावला असावा.) सर चहा टाकतात. आजी, म्हणजे सासूबाई, आदल्या रात्री बटाटे उकडून, सोलून, मीठ लावून डब्यात ठेवतात. बाजारात गोडमिट्ट जेलच्या पुड्या मिळतात, पण तासाला दोन अशा चार तास पोटात ढकलायच्या तर खिसा आणि पोट दोन्ही बोंबलतात. म्हणून बटाटे, खजूर, राजगिऱ्याची वडी आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर.

पावसाळ्यात रस्त्यावर सायकल शक्य नसते. कोल्हापूरचा जुलै कुणाला सांगायला नको. तेव्हा मागचं चाक काढून सायकल बाहेरच्या खोलीत स्टँडवर चढवली जाते. खाली जुनी चादर. पंखा पूर्ण. मॅडम दोन-दोन तास भिंतीकडे तोंड करून पायडल मारतात आणि चादरीवर घामाचा नकाशा उमटत जातो. मी गेलो त्या दिवशी आजी शेजारी लसूण सोलत होत्या.

"गिरणी सुरू झाली बघा," त्या मला म्हणाल्या. "दळण तेवढं येत न्हाई."

मी विचारलं, अभिमान वाटतो का? आजींनी पाकळी सोलून पूर्ण केली. "वाटतो की. पण पदक तिला आन् धुणं मला." मॅडमनी पायडल न थांबवता हसून घेतलं. धुण्यातली ती चड्डी, जर्सी, टॉवेल मी मागच्या दारी बघितले. क्लोरीन, घाम आणि साखळीचं तेल असा वास होता. तो वास कुठल्याच शर्यतीच्या फोटोत येत नाही.

रस्त्याची मला खरी भीती वाटली. बाकीच्या रविवारी पहाटे पाचला मॅडम हायवेने निपाणीपर्यंत जाऊन परत येतात. पुरुष मंडळी पुढे निघून जातात, कारण त्यांचा वेग जास्त. मॅडमच्या मागे शंभरेक फुटांवर सर आपली जुनी गाडी चालवतात, पिवळे दिवे लुकलुकत ठेवून. एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो. तीन तास दुसऱ्या गिअरच्या वर जाणं नाही. पुढे पांढऱ्या पट्टीवर एक लाल ठिपका. उसाचा ट्रॅक्टर गेला तेव्हा ठिपका डगमगला. एक ट्रक कर्कश हॉर्न देत इतक्या जवळून गेला की सरांचा हात स्टिअरिंगवरून सुटून उगाच पुढे झाला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "शाळेचे पेपर तपासायला आणले होते. पण चालत्या गाडीत कसे तपासणार?"

परत आल्यावर सायकल भिंतीला टेकवून मॅडम लगेच पळायला गेल्या. याला ब्रिक म्हणतात. पहिला किलोमीटर पाय आपले नसतातच. त्या कॉलनीच्या कोपऱ्यावर वळताना त्यांची चाल भाजीची पिशवी फाटलेल्या माणसासारखी होती.

गोव्याला मीही गेलो. मिरामारच्या वाळूवर सकाळी सहाला शेकडो माणसं एकाच रंगाच्या टोप्या घालून उभी होती आणि कुणीच फारसं बोलत नव्हतं. समुद्र कोमट, त्यामुळे तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख चालत नाही. रांगेने एकेकाला सोडतात, चटईवर पाय पडला की ज्याचं त्याचं घड्याळ सुरू. सरांच्या हातात लिंबूपाण्याची बाटली होती. मी म्हटलं, सायकल घेताना देऊन टाका. ते म्हणाले, चालत नाही. बाहेरच्या माणसाने काही दिलं तर बाद होऊ शकतो. पाणी, केळी, बर्फ, सगळं आयोजकांच्या टेबलावरूनच घ्यायचं. वर्षभर बाटल्या भरणाऱ्या माणसाने त्या दिवशी बाटली हातात धरून कठड्यामागे उभं राहायचं, असा नियम आहे.

एक तास झाला. एक तास तीन. सर घड्याळाकडे बघत नव्हते, टोप्या मोजत होते. एक तास सहा मिनिटांनी मॅडम लाटेसोबत गुडघ्यावर आल्या, उठल्या आणि पळतच गॉगल कपाळावर ओढला. वळ आम्हाला कठड्यावरून दिसले. "चार मिनिटं!" मी ओरडलो. सरांनी मला हाताने गप्प केलं. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. सायकलला चार तास पाच मिनिटं लागली, दोनापावलाच्या बाजूच्या उन्हात पळायला पावणेतीन तास, मधले कपडे-बूट धरून एकूण आठ तास दहा मिनिटं. बाटली सरांनी शेवटच्या कमानीपलीकडे दिली. तोवर लिंबूपाणी चहाइतकं गरम झालं होतं, मॅडमनी ते सगळं प्यायलं.

आजींना फोन लावला. "झालं न्हवं? मग आता पाचपर्यंत झोपत जा," एवढंच त्या म्हणाल्या.

झोप काही लागलेली नाही. मॅडमनी पुढच्या वर्षाची फी भरली आहे. तेव्हा रविवारी पहाटे कोल्हापूर-निपाणी रस्त्याला गाडी काढणार असाल तर एक विनंती. डाव्या पांढऱ्या पट्टीवर एक लाल ठिपका आणि त्यामागे पिवळे दिवे लावून रांगणारी एक जुनी गाडी दिसेल. हॉर्न वाजवू नका. थोडं उजवीकडून, लांबून जा.