पहाटेच्या आकाशातील ग्रहमेळा

खान नदीच्या काठी, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव या होळकरांच्या स्मृती जपणारे हे दगडी शिल्प दिवसा वर्दळीत हरवून जाते. पहाटे पाचच्या सुमारास मात्र दुकाने बंद असतात, वाहने तुरळक असतात आणि पुलावर घरांची दाटी थोडी मागे सरून आकाश मोकळे होते. रात्रपाळी आटोपून घरी परतणाऱ्या डॉक्टरांना ही वेळ परिचित आहे. त्या वेळी वर पाहण्याची सवय मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच आहे.

जून २०२२ मध्ये अशा पहाटेला एक दुर्मीळ दृश्य लाभले होते. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह पूर्वेकडून दक्षिणेकडे एका कमानीत मांडल्यासारखे होते. विशेष म्हणजे सूर्यापासूनच्या त्यांच्या अंतराचा जो क्रम, तोच क्रम आकाशातही होता. २४ जूनला कृष्णपक्षातील चंद्रकोर शुक्र आणि मंगळ यांच्यामध्ये, म्हणजे नेमकी आपल्या पृथ्वीच्या जागी, येऊन उभी राहिली. माळव्यात ते दिवस पावसाळ्याच्या तोंडावरचे. त्यामुळे ढगांची कृपा होईल तेवढेच दर्शन घडणार, हेही ओघानेच आले.

ग्रह असे रांगेत का दिसतात? सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या कक्षा जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. पृथ्वीच्या कक्षेशी बुधाच्या कक्षेचा कल सुमारे ७ अंश आणि इतर ग्रहांच्या कक्षांचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ते नेहमी क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यातच सापडतात. चंद्रही त्याच वाटेचा प्रवासी. प्रत्येकाची गती निराळी असल्याने कधी ते विखुरतात, कधी एका बाजूला येतात. ही जवळीक केवळ दृष्टीची आहे. त्या पहाटे चंद्र सुमारे चार लाख किलोमीटरांवर होता, तर शनी शंभर कोटी किलोमीटरांहूनही दूर. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात डोळ्यांत पोहोचतो. शनीच्या प्रकाशाला तासाहून अधिक वेळ लागला.

या गणिताशी आपल्या परिसराचे नाते जुने आहे. शेजारच्या उज्जैनच्या रेखावृत्तावरून भारतीय ज्योतिर्गणित शतकानुशतके मोजले गेले. तेथे सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. १९२३ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचे अधीक्षकपद भूषविले. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, हा त्या परंपरेचा आग्रह होता.

तरीही ग्रहांच्या मेळ्याने आनंदापेक्षा भयच अधिक पसरविले आहे. फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीची आठवण ज्येष्ठ वाचकांना असेल. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून देशभर यज्ञ झाले, प्रवास रद्द झाले, प्रलयाची भाकिते झाली. ५ फेब्रुवारीची अमावास्या आली आणि गेली. पृथ्वी आपल्या मार्गाने चालत राहिली. ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाचा विचार केला, तर भरती-ओहोटीवर शुक्राचा परिणाम तो पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही चंद्राच्या परिणामाच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो.

हा विषय वैद्यकाच्या दारातही येतो. उत्तम ग्रहयोग साधावा म्हणून सिझेरियनची वेळ ठरवून मागणारी कुटुंबे आपल्याला भेटतात. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यानंतरच्या दोन सोयीस्कर दिवसांतून एक निवडणे वेगळे. परंतु मुहूर्तासाठी, वैद्यकीय कारण नसताना, दोन आठवडे आधी जन्माला आणलेल्या बाळास श्वसनाच्या त्रासाचा धोका वाढतो. पत्रिका चांगली आणि बाळ अतिदक्षता कक्षात, असा तो व्यवहार ठरू शकतो. अशा वेळी श्रद्धेची चेष्टा न करता, पण ठामपणे, हे सांगणे आपले कर्तव्य आहे. तातडीची शस्त्रक्रिया ‘ग्रहमान बदलेपर्यंत’ लांबविण्याबाबतही हेच म्हणावे लागेल.

दुसरी सूचना आकाश पाहणाऱ्यांसाठी. बुध क्षितिजाजवळ, सूर्योदयापूर्वी थोडाच वेळ दिसतो. त्याचा शोध दुर्बिणीने घेत असता सूर्य वर आला, तर क्षणात दृष्टिपटल भाजू शकते. दृष्टिपटलास वेदना जाणवत नाही. इजा काही तासांनी लक्षात येते आणि तिच्यावर खात्रीचा उपचार नाही. म्हणून सूर्योदयाच्या पुरेशी आधी दुर्बीण खाली ठेवावी. मुले बरोबर असतील तर ती मोठ्यांच्याच हाती असावी.

बाकी या दर्शनाला साधन लागत नाही. लुकलुकणारा तो तारा, स्थिर तेजाचा तो ग्रह, एवढी खूण पुरे. पुढे ८ सप्टेंबर २०४० च्या संध्याकाळी हे पाचही ग्रह आणि चंद्रकोर पश्चिमेस अगदी लहानशा भागात एकवटतील. आज ज्या बाळांचा जन्म आपल्या हातून होत आहे, ती तेव्हा जाणती झालेली असतील. त्यांनी त्या संध्याकाळी दारे लावून घरात न बसता गच्चीवर यावे, यासाठीची तयारी आजच्या पिढीनेच करावयाची आहे.