मागच्या दोन आठवड्यांत

संतोष भुवनमध्ये टँकर नुकताच येऊन गेलाय. सांडलेल्या पाण्यातून वाट काढत इथल्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, पुढे चालल्यात, मी त्यांच्या मागे. सकाळचे अकरा वाजलेत. नालासोपारा पूर्वेच्या या चाळींतली नोकरदार माणसं लोकलला लटकून कधीच मुंबईत पोचलीत. मागे उरलीत म्हातारी माणसं, रात्रपाळी करून झोपलेले वॉचमन आणि दारात बसून इमिटेशन ज्वेलरीचं काम करणाऱ्या बाया.

ताईंच्या खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि सीबॅकचे, म्हणजे आजार वेळेत हेरायच्या तपासणीचे, फॉर्म. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न.

“बाकीचं सगळं धडाधड सांगतात,” ताई म्हणतात. “या दोघांपाशी गाडं अडतं.”

आम्ही शिरतो ती खोली जेमतेम दहा बाय दहाची. ओट्याशी सासू लसूण सोलतेय. खाली सून बसलीय, पुढ्यात स्टीलची परात, परातीत पांढरे मोती आणि पितळी कड्या. डझनावर पैसे मिळतात, म्हणून पाहुणे आले तरी हात थांबवायचा नाही, अशी इथली रीत. तिचा हात मात्र थांबलेलाच आहे. पक्कडीत एक कडी धरलीय, ती ना मिटतेय ना सुटतेय.

“काय होतंय गं?” ताई खाली बसकण मारतात.

“डोकं जड असतं. हातपाय गळून जातात. रात्री दोनला डोळे उघडतात ते उघडेच.”

“नाक्यावरच्या डॉक्टरनं दोनदा सलाईन लावलं,” सासू ओट्यापासून सांगते. “ताकदीच्या गोळ्या दिल्या. फरक शून्य. एवढ्याशा घरात कसलं आलंय टेन्शन?”

‘उदास’ हा शब्द कुणीच काढत नाही. या गल्लीत आजार सांगायचा तो अंगाच्या भाषेत. धडधड होते, पित्त होतं, मुंग्या येतात. ताईंना हे पाठ आहे. त्या फॉर्म मांडीवर घेतात, पण त्यात बघत नाहीत.

“मागच्या दोन आठवड्यांत असं किती वेळा झालं, की कशातच गोडी वाटली नाही? आधी आवडायचं ते करावंसंच वाटलं नाही?”

ती उत्तर देत नाही. सासू तोंड उघडते, तशी ताई नुसता हात वर करतात. बाहेर कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देतो. ताई घाई करत नाहीत, प्रश्न पुन्हा विचारत नाहीत.

“रोजच,” ती म्हणते.

“आणि मन खचलंय, पुढे काही चांगलं होणारच नाही, असं?”

“तेपण रोज.”

अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे एक, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे दोन, जवळपास रोज म्हणजे तीन. बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. इथे ती सहा आहे. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो, त्यामुळे डॉक्टर आधी तेही तपासतील.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण वीस प्रौढांमागे एकाला कधी ना कधी नैराश्य आल्याचं दिसलं. नैराश्य असलेल्यांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण नालासोपारा ज्यात येतं त्या वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. अशा किती खोल्यांत अशी परात मांडलेली असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ताई आता फॉर्मबाहेरचा प्रश्न विचारतात, त्याच आवाजात. “जगून काय उपयोग, असं येतं का मनात?”

सासूच्या हातातला लसूण तसाच राहतो. असं विचारल्याने नको ते डोक्यात भरतं, ही सर्रास समजूत. ती खरी नाही. उलट, बोलायला वाट मिळते.

“वाटतं, झोपावं आणि उठूच नये.” पक्कड परातीत पडते. “पण स्वतःहून काही करायचं, असं नाही. पोरगा आहे ना.”

“बरं केलंस सांगितलंस.” ताई एवढंच म्हणतात आणि आपल्या मोबाइलवर १४४१६ लावतात. टेली-मानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं. भाषा निवडून झाल्यावर पलीकडून बाईचा आवाज येतो. ताई फोन सुनेच्या हातात देतात आणि सासूला म्हणतात, “आजी, चला, पाणी किती भरलंत ते दाखवा बघू.”

बाहेर पिंपाशी सासू कुजबुजते. “गावी जाऊन देवाला कौल लावला, ताई. देवानं उजवा दिला. मग अजून का नाही उतरत?”

“कौल लावलात, चांगलं केलंत. आता डॉक्टरलाही दाखवू.”

“झोपेच्या गोळ्या देतील. सवय लागेल.”

“या गोळ्या झोपेच्या नसतात, सवय लागत नाही. फक्त गुण यायला दोन-चार आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. आणि नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. आधी तिला काय आवडायचं?”

सासू विचारात पडते. “भजनाला जायची. पेटीसुद्धा वाजवायची. गणपतीपासून बंदच.”

“मग तिथूनच सुरू करा. गायला नको, नुसतं अर्धा तास बसायला घेऊन जा.”

ही ताईंच्या पदरची शहाणीव नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच मार्ग पारखला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा धरायला लावली. नेहमीच्या उपचारांना याची जोड मिळालेल्यांना जास्त आराम पडला. तो निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आत परततो तेव्हा सून डोळे पुसतेय. “ओपीडीत दाखवा म्हणाल्या. रात्री-अपरात्रीही फोन करा म्हणाल्या.”

आता खरी घासाघीस. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची ओपीडी गुरुवारी असते. पण गुरुवारीच माल न्यायला माणूस येतो आणि पोराची शाळा साडेबाराला सुटते. माल शेजारीण देईल. पोराला सासू आणेल. नवऱ्याला रात्री तो जेवल्यावर सांगायचं, घरात पाय टाकल्या टाकल्या नाही.

“आणि माझ्यासोबत?” सून विचारते.

“मी आहे ना. साडेनऊला रिक्षा स्टँडवर.”

ताई फॉर्मची घडी घालून उठतात. सासू पदराला हात पुसत दारात आडवी येते.

“हे फक्त सुनांनाच विचारता का? माझे मालक गेल्यापासून मला कुणी विचारलं नाही, झोप लागते का म्हणून.”

ताई पुन्हा खाली बसतात, नवा फॉर्म काढतात. “सांगा आजी, वय किती लिहू?”